पट्टीच्या वरचे पाच गोल

गयाबाईंवर अन्याय झाला तो गेल्या येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, रेणापूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत, सगळ्यांदेखत. करणारा मी. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मीच लिहितो, मीच वाटतो. या सदरातल्या गूढ अनुभवांना मी चारचौघांत हसलोय.

आमची लढाई शेतरस्त्याची. पावसाळ्यात आजारी माणूस अजून बाजेवर घालून आणावा लागतो! भांडून रस्ता मंजूर करून घेतला. तो कुठून जाणार हे गावाला दाखवायला मी आणि नांदेडची माझी सहकारी प्रणिता, आम्ही ऑनलाइन खेळाचा एक बोर्ड वापरला. एरवी रविवारी त्यावर आम्ही राक्षस मारतो. सगळ्यांत खाली शिवाराचा फोटो, त्यावर शेतांचे हिरवे चौकोन, सगळ्यांच्या वर रस्त्याची तपकिरी पट्टी. वरचा आकार खालच्याला झाकतो, एवढं साधं.

शाळेतल्या बैठकीत हा नकाशा प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवला. गयाबाई उठल्या आणि त्यावर बोट ठेवलं. पट्टीखाली त्यांचा बांध होता, बांधाशी येळवशीला पुजायचे पाच दगड – पांडव. त्यांच्यावर कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारून घरची माणसं तिथंच आंबील प्यायची.

"लेकरा, पट्टी उल्शीक सरकव की. रस्त्याला न्हाई म्हणत न्हाई मी."

माउसनं एकदा ओढायचं काम. मी म्हणालो, "मावशी, दगडासाठी रस्ता वाकत नसतो."

आमच्याच पत्रकातलं वाक्य. लोक हसले. टाळ्याही पडल्या. संध्याकाळपर्यंत जेसीबी फिरला, दगडांवर मुरूम पडला. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला, आणि गयाबाईंच्या दाराला आतून कडी.

पुढच्या बैठकीआधी बोर्ड उघडला. पट्टीच्या वर पाच पांढरे गोल. हा प्रणिताचाच चावटपणा म्हणून फोन केला, तर ती म्हणे, मी तर तूच काढले समजून राहिले. पुसायला गेलो... गोलावर क्लिक केलं की निवडली जायची पट्टी. पट्टी पुसली. मग निवडलं जायचं शेत. शेतं पुसली, शेवटी फोटोही. कोऱ्या बोर्डावर पाच गोल – आणि 'सगळं निवडा' म्हटलं तर काहीच निवडलं जाईना. दुसऱ्याच्या फोनवर तेच. प्रणिता कामच सॉफ्टवेअरचं करते, तिलाही पत्ता लागला नाही.

फावडं घेऊन मी मुरूम उकरायला गेलो. गयाबाई बांधावर बसून बघत होत्या. चुना लागलेला पहिला दगड निघाला. घरी येऊन बोर्ड पाहिला तर गोल चार. योगायोग म्हणा, मीही म्हणालो. पण चौथा दगड जागेवर ठेवला तेव्हा बोर्डावर एकच उरला होता.

रस्ता तिथं आम्ही वळवून घेतला. वळतो रस्ता. मग गयाबाईंची माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चार पांडवांवर कोप कशी घालू?"

पाचवा मुरमात नाही. तो गोल अजून बोर्डावर आहे, अजून निवडता येत नाही. का, ते मला ठाऊक नाही. विचारू नका.

जेसीबीनं काढलेली तिथली माती-दगड ट्रॅक्टर भरभरून आसपासच्या गावांत गेलेत. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांनी अंगणात, गोठ्यात भराव म्हणून टाकलेत. उठा, तो भराव उकरा. पांढरा दगड निघाला तर मला दाखवू नका. येळवशीच्या आत गयाबाईंच्या बांधावर नेऊन ठेवा.