कौलाला लावलेला फणसाचा चीक

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, लेकींना नाही, आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्या माझ्या भावाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही — आणि हसलात तरी मला दिसणार नाही. तेराव्या वर्षी मी देवीच्या कौलात लबाडी केली. केली ती केली, पण करताना उजवं कुठलं आणि डावं कुठलं, एवढंसुद्धा पाहिलं नाही. इतकी शहाणी होते मी.

पण आधी माझ्या अण्णाबद्दल सांगू द्या. त्याच्याशिवाय यात काही नाही.

मारुती अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. घरात आई, तो आणि मी. गुंजी स्टेशनापासून तासभर चाललं की आमचं गाव. दर शनिवारी अण्णा गाडीनं बेळगावला फुटबॉल खेळायला जायचा, आणि आई लोण्याचं मडकं देऊन मला त्याच्याबरोबर बाजाराला धाडायची. लोणी खपलं की मी कॅम्पातल्या मैदानाच्या कडेला चिंचेखाली. समोर बूट घातलेले गोरे सोजीर आणि त्यांच्यात अनवाणी आमचा अण्णा. त्याच्या पायात चेंडू आला की ते धिप्पाड गडी म्हशींसारखे एकमेकांवर आदळायचे. लोक विचारायचे, कोण हा पोरगा? मी मडकं काखेला लावून सांगायची — आमचा हाय. आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना माझी मान ताठ होते. होऊ दे.

एका शनिवारी कलकत्त्याच्या एका क्लबाचा माणूस खेळ बघायला आला. म्हणाला, आमच्याकडे चल. ऑफिसात नोकरी, राहायला खोली आणि मोठ्या मैदानावर खेळायचं. बेळगावच्या संघाचे कप्तान मास्तर होते, ते त्याच आठवड्यात आमच्या घरी आले. लोंढ्याला रेल्वेत लावून देतो, म्हणाले, पण मारुतीनं इथंच खेळावं. अण्णा दोघांनाही हो म्हणेना, नाही म्हणेना. आईनं मात्र एकदाच तोंड उघडलं. "कलकत्ता कुठं आलं रं? मी मेलेली कळायला तुला आठ दिस लागतील." आणि मग म्हणाली, देवीला कौल लावू.

आमच्याकडे अडलं की देवीलाच विचारतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाचे ओले कळे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवा कळा आधी पडला तर जावं, डावा पडला तर राहावं. देवीच्या स्नानाचं पाणी न्हाण न आलेल्या पोरीनं आणायचं. ती पोरगी मी.

मला अण्णा राहायला हवा होता. आईसाठी? छे. आईचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. अण्णा गेला तर माझा शनिवार गेला — एवढंच. ती गाडी, ती चिंच, लोकांचं विचारणं. एका शनिवारासाठी मी त्याचा जन्म गावात डांबायला निघाले होते.

त्या सकाळी कोवळ्या फणसाचा चीक पानात घेऊन गेले. स्नान घालून, देवीला पुसून गुरव कळे आणायला बाहेर गेला, तेवढ्यात मी चीक चोळला. उजवा कळा पडू नये म्हणून उजव्या खांद्याला — माझ्या उजव्या हाताकडच्या. देवी माझ्याकडे तोंड करून बसलेली. तिचा उजवा खांदा माझ्या डावीकडे. हे कळायला काय शाळा लागते?

गाऱ्हाणं झालं. मी माझ्या बाजूचा कळा बघत होते. तो हलेना, आणि मी मनात खूश. तेवढ्यात पलीकडचा टपकन पडला आणि गुरव म्हणाला, "उजवा दिला गं बाई. जाऊ दे पोराला." आईनं हात जोडले. रडली नाही.

डावा कळा तीन दिवस सुकून तिथंच राहिला. शेजारच्या वाड्यांतून बायका बघायला आल्या — देवी एवढी ठाम कधी बोलली नव्हती म्हणे. चौथ्या दिवशी गुरवानं तो काथ्यानं खरवडला, बोटं एकमेकांना चिकटवून पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "आई लईच घट्ट धरून बसली हुती न्हवं?" एवढंच म्हणाला.

अण्णा निघायला अजून अकरा दिवस होते. एक शब्द बोलले असते तर कौल नव्याने लागला असता. खरा. तो काय आला असता? मला माहीत नाही, कुणालाच कधी कळणार नाही. सुरुवातीला मार बसेल म्हणून गप्प राहिले. मग — हे सांगायला जड जातं — मला ते आवडायला लागलं. गंगूच्या हाताला गुण आहे, असं बायका म्हणू लागल्या. पुढं न्हाण येईपर्यंत गावातल्या प्रत्येक कौलाला पाणी मीच आणलं, नाक वर करून.

आणि अण्णा? कलकत्त्यात तो पहिलं वर्ष अनवाणीच खेळला. पेपरात फोटोसकट त्याची बातमी आली, ती मास्तरांनीच चावडीवर दोनदा वाचून दाखवली. माझ्या लग्नात वऱ्हाडी नवरदेवाला सोडून त्याच्याभोवती जमले. मी बोहल्यावरून ते बघितलं, आणि नवऱ्याचा हिरमुसलेला चेहरा बघून मला हसू आलं.

त्या कौलानंतर चार वर्षांनी आई गेली. "देवीनं नेलाय त्याला, माझी तक्रार न्हाय," असं शेवटपर्यंत म्हणत होती. मी तिच्या उशाशी बसून ते ऐकलं. तेव्हाही बोलले नाही.

अण्णा तेराव्याला पोचला नाही, नंतर आला. आम्ही दोघंच परसात बसलो होतो. आज सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला. त्याच्या बोलण्यात माझी सुटका शोधू नये, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तो म्हणाला, "गंगे, डावा कळा पडला असता तरी मी जाणारच हुतो. आईला न्हाय म्हणायची पाळी माझ्यावर आली न्हाय, देवीनं तेवढं माझ्यासाठी केलं बघ."