धुऱ्यावरचा रन-अप

बारा वर्षं मी प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलो आणि बाराही वर्षं लोक माझ्या रन-अपला हसले. हसोत बापडे! तो मी कुठल्या अकादमीत शिकलो नाही, सिहोऱ्याकडच्या आमच्या शेतात शिकलो.

धानाच्या दोन बांध्यांमधला धुरा, म्हणजे बांध, दोन पावलं शेजारी मावायची नाहीत एवढा अरुंद. त्यावरून धावत यायचं आणि पुढच्या खळ्यात बॉल टाकायचा. रोवणी झाली की दोन्हीकडं धान. आई ओरडायची, "धानात पाय टाकशील तं तंगडं तोडीन!" आणि ती तोडायला कमी करणारी नव्हती. त्यामुळे बॉल सुटल्यावरही मी नाकासमोर सरळच जायचो.

पहिल्याच सामन्यात हे नडलं. बॉल टाकल्यावर गोलंदाजानं बाजूला व्हायचं असतं, पिचच्या मधल्या पट्टीत बूट उमटवायचे नसतात. मी उमटवले. दिवस संपेपर्यंत अंपायरनं दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा पाय पडला असता तर त्या डावात पुन्हा बॉल हाती आला नसता, आणि पुढच्या सामन्यात माझी जागाही गेली असती. कोच सगळ्यांदेखत म्हणाले, "ही बांधावरची चाल आहे. रन-अप मोड, नाहीतर गावी जा."

असा संताप आला की सांगता सोय नाही. माझा जो काही वेग होता तो त्याच चालीत होता, आणि हे म्हणे मोड!

संध्याकाळी आईला फोन केला. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मंग पाय कुठी नाही टाकायचा?"

"मधातल्या पट्टीत."

"मंग रोवणी तिथंच झाली समज. आता टाकून तं पाह्य पाय, मंग पाहीन मी तुले!"

सकाळी मी त्याच चालीनं धावत आलो. बॉल सुटला, समोर धान दिसलं आणि पाय आपोआप बाजूला पडला. तसाच टाकत राहिलो. चार विकेट मिळाल्या, अंपायर गप्प.

"बदललास ना शेवटी?" कोचनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मग आईला फोन करून चार विकेट सांगितल्या.

"ते राहू दे," ती म्हणाली. "धानाचं सांग."

"एक काडी मोडली नाही."

"मंग टाक आनखी."