चार तास, उशी दिल्यास

तिला सगळे मुंगी म्हणत. अंगापेक्षा मोठं ओझं उचलायची खोड तिला लहानपणापासूनची. शाळेत असताना तिनं एकदा शेजारणीचा गॅसचा सिलिंडर कवळून एकेक पायरी करत तिसऱ्या मजल्यावर नेला होता, आणि वर पोचून धापा टाकत बेल वाजवल्यावर कळलं की सिलिंडर पहिल्या मजल्यावरचा. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच.

आता ती सत्तावीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती, तिथं बसून ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. सोमवार ते शनिवार लोकांच्या नजरेचे नंबर सांभाळायचे आणि रविवारी मिस्सा आटोपली की चर्चच्या तरुण मंडळाचं काम. हे मंडळ वर्षातून एकदा आजारी माणसांना मातेच्या तीर्थाला घेऊन जाई. जाताना अकरा तास बस, तिथं चार दिवस मुक्काम, येताना पुन्हा अकरा तास. पोरंपोरी रजा काढून येत, चाकांच्या खुर्च्या ढकलत, भरवत, पुसत, बेडपॅन धुवत आणि मधल्या वेळात गाणी म्हणत.

घरी या सगळ्याचं कौतुक नव्हतं. आई म्हणायची, बापाच्या गुडघ्याला तेल चोळायला हिला सवड नाही, जगाचे गुडघे धरायला मात्र ही कंबर कसून तयार. वहिनी त्याहून वरचढ. तिनं एकदा भाजी निवडता निवडता सुचवलं होतं की एवढ्या खेपा घालतेसच, तर येताना तिथून एखादा बरा झालेला नवरा घेऊन ये.

गंमत अशी की सात वर्षांत मुंगीनं कुणालाच बरं झालेलं पाहिलं नव्हतं. मंडळात हे कुणी बोलून दाखवत नसे. माणसं मनानं शांत होऊन परततात, असं म्हणायची तिथं पद्धत होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण दर वर्षी तिथल्या मातेच्या गुहेपुढं खुर्च्यांच्या रांगा लागल्या की मुंगी चोरून एकेकाच्या पायांकडे बघून घ्यायची.

तिच्या वाट्याला चार वर्षांपूर्वी भूमितीच्या बाई आल्या. मंडळाचा नियम होता, एका आजाऱ्याला एक माणूस, आणि सहसा जोडी मोडायची नाही. बाईंनी एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. मग नसांचा आजार जडला. आधी पाय गेले, मग कंबर, आणि आता तो सावकाश हातांकडे सरकत होता. पहिल्या भेटीत बाईंनी तिला नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाल्या, "वळणावर खुर्ची बाहेरच्या अंगानं घे. आतून घेतलीस की माझा पाय भिंतीचं माप घेतो." मुंगीला त्या तेव्हाच आवडल्या.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. धाकटी बहीण सोबत राहायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, अंगानं भरदार, सदा कमरेवर हात. मुंगी तिला मावशी म्हणायची. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत बाईंचा पलंग आणि रस्त्याकडेच्या खिडकीशी एक टेबल. रोज बारा ते दोन मावशी त्यांना उचलून टेबलाशी बसवायची. दोन तास, त्याच्या वर नाही, कारण त्यानंतर पाठ धरेनाशी व्हायची. पण त्या दोन तासांत बाई स्वतःच्या हातानं जेवायच्या. जाड दांड्याचा चमचा मुठीत धरून, सांडत-लवंडत, पाऊण तास लावून. आडवं झाल्यावर त्यांना भरवावं लागे, आणि भरवून घेताना त्या डोळे मिटून घेत. "बसते तोवर मी बाई," त्या म्हणायच्या. "आडवी झाले की मी गाठोडं."

त्या वर्षी घरभेटीचा फॉर्म घेऊन मुंगी गेली तेव्हा बाईंना बसायला जड जाऊ लागलं होतं. दोन तासांचेही कधी कधी दीडच होत. मुंगीनं मनाशी ठरवलं होतं की या खेपेला विषयच काढायचा नाही. पण चार वर्षांत पाण्याच्या पेल्यापलीकडे काही न मागितलेल्या बाईंनीच विचारलं, "या वर्षी नेशील का?"

फॉर्मवर सातवा प्रश्न होता. आजारी व्यक्ती सलग किती तास बसू शकते? चारपेक्षा कमी लिहिलं की नाव झोपून जाणाऱ्यांच्या यादीत. बसमध्ये झोपायच्या जागा सहाच, आणि त्या यादीत आधीच एकोणीस नावं. म्हणजे खरं लिहिणं आणि नाही म्हणणं एकच होतं. मंडळाचे डॉक्टर प्रत्येकाला तपासायला कुठून येणार, ते फॉर्म वाचायचे, आणि मुंगीचा फॉर्म असला की तोही नीट वाचत नसत. तिचं लिहिणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मुंगीनं पेन टेकवलं आणि लिहिलं, 'चार तास, उशी दिल्यास.'

ती लबाड नव्हती. तिच्या डोक्यात हिशेब पक्का होता. दर अर्ध्या तासाला बाईंना एका अंगावर कलतं करायचं, खाली मऊ उशी, थांब्यावर दहा मिनिटं आडवं. पाठीला वारा लागला की झालं. आणि उरलेलं माता बघून घेईल. देवाधर्माच्या माणसांकडूनच अशी चूक होते. दुसरा कुणी असता तर दोन लिहून मोकळा झाला असता.

सहीसाठी तिनं फॉर्म बाईंपुढं ठेवला. बाईंनी चष्मा मागवला आणि सगळा फॉर्म वाचला, न वाचता सही करणाऱ्यांना त्यांनी जन्मभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. सातव्या प्रश्नाशी त्या थांबल्या. मग बाईंनी पेन मुठीत धरलं आणि वाकडीतिकडी सही केली. स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाली, "झेपेल ना गं हिला?" बाई म्हणाल्या, लिहिलंय ना तिनं.

बस निघाली तेव्हा सगळं मुंगीच्या हिशेबाप्रमाणेच चाललं होतं. पहिले तीन तास तिनं घड्याळ लावून बाईंना कलतं केलं. पुढं घाटात एक ट्रक आडवा झाला होता. बस दोन तास जागच्या जागी. मागच्या बाकावर एका आजोबांना उलट्या सुरू झाल्या, त्यांची सोबतीण पोर पहिल्यांदाच आलेली, ती रडायलाच लागली. मुंगी मागं धावली. आजोबांना पुसलं, पोरीला समजावलं, आजोबांचे कपडे बदलले. पुढं येऊन बघते तर बाई जपमाळेत ओठ हलवताहेत. दुखतंय का, तिनं विचारलं. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. कमरेखाली त्यांना आता फारसं कळतच नव्हतं. मुंगी घड्याळ पुन्हा लावायला विसरली ती विसरलीच. अकराचे तेरा तास झाले.

तिथले चार दिवस चांगले गेले, हे मुंगीला नंतर सगळ्यांत जास्त बोचायचं. बाई गुहेपुढं दुपारभर बसल्या. ऊन होतं, मेणबत्त्यांचा वास होता, मंडळातली पोरं सुरात म्हणण्यासारखी गाणी बेसूर म्हणत होती आणि बाई खुर्चीत ताठ, गुहेकडे बघत. काय मागितलं, ते आजाऱ्याला विचारायचं नाही, असा मंडळात कडक नियम. मुंगीनं विचारलं नाही. तिनं पाय मात्र बघून घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ घालताना तिथल्या नर्सनं बाईंना कुशीवर केलं. मग तिनं मुंगीला जवळ बोलावून माकडहाडाशी बोट नेलं. बांगडीएवढा गडद डाग, मधोमध कातडी पांढुरकी पडलेली. नर्सनं विचारलं की यांना बसवून कुणी आणलं. मुंगी म्हणाली, मी.

घरी आल्यावर डाग फुटला. पंधरा दिवसांत तिथं सुपारी मावेल एवढा खड्डा झाला, दोन महिन्यांत लिंबू मावेल एवढा. नर्स एक दिवसाआड घरी येऊन आत औषधाची पट्टी भरायची. डॉक्टर म्हणाले, बसणं बंद. कधीपर्यंत, असं मावशीनं विचारलं तेव्हा त्यांनी या वयात, या आजारात, अशी दोन वाक्यं अर्धवट सोडली आणि बॅग उचलली. टेबलावर औषधांचे डबे आले. बाई गाठोडं झाल्या.

मुंगी पापनिवेदनाला गेली. फादरांनी शांतपणे ऐकून घेतलं. हेतू चांगला होता, देव मन बघतो, तीन जपमाळा म्हण, असं सांगून तिला मोकळं केलं. एवढ्यावर भागलं याचाच तिला राग आला. मग ती मंडळाच्या प्रमुखाकडे गेली. तो एका शाळेत लायब्ररी सांभाळायचा आणि सगळे त्याला कप्तान म्हणत. सगळ्यांसमोर सांगते आणि मंडळ सोडते, असं ती म्हणाली. कप्ताननं आधी दार लावलं. त्याचं म्हणणं असं की हे बाहेर गेलं तर डॉक्टर उद्यापासून आमच्या एकाही फॉर्मवर विश्वास ठेवणार नाहीत, आणि मग जाणारे चाळीस जण घरी बसतील. "तुझ्या मनाची टोचणी जावी म्हणून चाळीस जणांना का गं शिक्षा?" असं तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. तिनं मंडळ सोडलं नाही.

राहिल्या बाई. एका रविवारी मावशी दळण आणायला खाली गेल्यावर मुंगीनं पलंगाशी बसून सगळं सांगितलं. फॉर्म, यादी, घड्याळ. सांगता सांगता तिचा बांध फुटला.

बाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मुंगे, फॉर्म मी वाचला होता. मला वाचता येतं."

"मग सही का केलीत?"

"मला जायचं होतं. तुला वाटतं तसं बरं व्हायला नव्हे." बाई जरा थांबल्या, बोलायलाही आता दम लागायचा. "मी तिथं मागितलं की माझं इथंच आटोप. अजून हातानं जेवतेय, तोवर आटोप. प्रवासानं होईल असं वाटलं होतं. तेरा तास बसले. काही झालं नाही."

मुंगी पुन्हा रडायला लागली. बाई म्हणाल्या, "तुझं गणित चुकलं, माझंही चुकलं. आता पूस डोळे. तू रडलीस की धाकटी तुझ्यासाठी पाणी आणायला धावते, आणि माझी कूस बदलायची राहते."

क्षमा केली की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मुंगीनं विचारलं नाही.

पुढच्या यात्रेचे फॉर्म आले. कप्ताननं चार घरं मुंगीकडे दिली. तिनं चारही ठिकाणी सातव्या प्रश्नाला खरं ते लिहिलं, आणि चारही नावं झोपून जाणाऱ्यांच्या यादीच्या शेपटाला गेली. त्यातल्या एका म्हाताऱ्याची बायको चर्चच्या पायऱ्यांवर तिला बघून तोंड फिरवू लागली. म्हातारा पावसाळ्याआधीच गेला, यात्रेला न जाताच. बस निघाली त्या दिवशी मुंगी दुकानात काचा घासत बसली. आई म्हणाली, चला, अखेर अक्कल आली. रात्रीच्या जेवणात तिनं मुंगीला भात जास्त वाढला, आणि एवढंच आईला जमत होतं.

त्याच सुमाराला बाईंच्या उजव्या खुब्यावर दुसरा डाग उठला. नर्स म्हणाली, पाठ नाही, उजवी कूसही नाही, आता फक्त डावी. डावी कूस म्हणजे भिंत. मावशी आणि मुंगीनं पलंग उलटा लावून पाहिला, तर डोक्याकडची उचलती बाजू आडवी येऊन स्वयंपाकघराचं दार उघडेना. आडवा लावला, तर बाहेरचं. शेवटी पलंग होता तसाच ठेवला आणि भिंतीपासून दीडेक वीत पुढं ओढला. त्याहून जास्त ओढला की मावशीला संडासाकडे जाता येत नव्हतं.

जेवायची वेळ झाली तेव्हा अडचण ध्यानात आली. बाईंचं तोंड भिंतीकडे आणि भरवणारीला बसायला जागाच नाही. मागून वाकून, अंदाजानं घास द्यायला गेलं की गालावरून उशीवर. मावशीनं एकदा त्या फटीत शिरून पाहिलं आणि तिला बाहेर काढताना दोघींच्या नाकी नऊ आले. मावशी हसली, हसता हसता तिथंच जमिनीवर बसली, आणि मग बराच वेळ उठली नाही.

त्या फटीत मावणारी मुंगी एकटीच होती. तिनं दुकानमालकाशी बोलून घेतलं. सकाळी दुकानाआधी एकदा, दुपारच्या सुट्टीत एकदा, संध्याकाळी एकदा. पहिल्या दिवशी ती वाटी डोक्यावर धरून पायथ्याकडून आडवी सरकत आत गेली. पाठ भिंतीला, गुडघे पलंगाच्या लाकडाला. मंडळात शिकवलं होतं तसं आधी सांगितलं, "बाई, भरवते."

बाईंनी तोंड उघडलं. डोळे मात्र या खेपेला मिटले नाहीत. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, आणि पाहायला दुसरं काहीच नसल्यामुळे पाहत राहिल्या.