एका सुतळीतल्या तीन पिशव्या

चूक माझी होती आणि ती मी दुसऱ्याच्या माथी मारली, हे आधीच सांगून टाकतो.

अकोल्याच्या एका माती तपासणी केंद्राची वेबसाइट मी अमरावतीत बसून केली होती. एका तक्त्यात शेतकरी, दुसऱ्यात त्यांची वावरं, म्हणजे शेतं. दोन्ही जोडून यादी काढली, तर बाळापूरकडच्या एका काकांचं नाव तीनदा आलं. मी केंद्रात फोन लावला. तिकडे फोन स्पीकरवर होता, केंद्राचे साहेब समोरच बसले होते, तरी नोंदी करणाऱ्या ताईंना म्हणालो, "एकच माणूस तीनदा भरता? जास्तीच्या ओळी काढून टाका."

त्यांनी काढल्या. पुढे काका अहवाल न्यायला आले, तर एकाच वावराचा निघाला. ताई कंत्राटी होत्या. आता त्यांना ठेवायचं की नाही, असं साहेब बोलू लागले.

ते कळल्यावर मी अकोल्याला गेलो. ताईंनी मला मागच्या खोलीत नेलं. फळीवर मातीच्या कापडी पिशव्या होत्या. एका शेतकऱ्याच्या सगळ्या पिशव्या एकाच सुतळीत बांधलेल्या. सुतळीला नावाची एक चिठ्ठी, प्रत्येक पिशवीवर त्या त्या वावराचा गट नंबर.

"मी काहून तीनदा भरू, भाऊ? मानूस एक, वावरं तीन. तुमच्या कम्प्युटरले एवढं समजत नाही का?"

"त्याले समजते. मलेच नाही समजलं."

मी कागदावर दोन्ही तक्ते आखून पाहिले. मजा वाटली. जोडताना प्रत्येक वावरासमोर मालकाचं नाव पुन्हा येणारच! यादीत गट नंबर दाखवायचा मीच विसरलो होतो, म्हणून तीन वेगळ्या ओळी सारख्या दिसल्या. मग ताईंच्या सुतळीचीच युक्ती उचलली. ओळी शेतकऱ्याच्या क्रमांकानं लावल्या. क्रमांक बदलला की नाव छापायचं, तोच असला की खाली फक्त वावर. काकांचं नाव एकदा आलं. पुसलेली दोन वावरं ताईंनी पिशव्या पाहून पुन्हा भरली.

"झालं दुरुस्त," एवढंच साहेबांना सांगून मी निघालो. काय दुरुस्त झालं, ते सांगितलं नाही. बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आणि तसाच केंद्राकडे मागे फिरलो.

ताई साहेबांसमोरच उभ्या होत्या.

"साहेब, यांच्या नोंदी पहिल्यापासून बरोबर होत्या. चूक माझ्या यादीत होती. ताई, न पाहता तुमाले बोललो, तेही साहेबांसमोर. माफ करा मले."