दिवे लागल्यावरची नावं

आंधळगावात धुरपताबाई माझ्या भिंतीपलीकडे राहते, त्यामुळे संध्याकाळी तिचं स्पॅनिश मला ऐकावंच लागतं. "सिरेना. ड्रागोन. दुएंदे." म्हणजे जलपरी, आग ओकणारा अजस्र नाग, घरात लपून बसणारं बुटकं भूत. धानाच्या रोवण्यात कंबर वाकलेली ही बाई मोबाइलला विचारून विचारून भलतंच काय शिकते, म्हणून आधी मला हसू यायचं.

शिकते ती नातीसाठी. मुलगी उर्वशी लग्न करून स्पेनमध्येच राहिली. तिच्या पाच वर्षांच्या इनेसला मराठी येत नाही आणि भुताखेतांच्या चित्रांच्या पुस्तकाशिवाय कशाची गोडी नाही. ती चित्र दाखवणार, आजी नाव सांगणार, एवढंच दोघींचं बोलणं.

इनेस शाळेतून येते तेव्हा इकडे दिवे लागलेले असतात. एकदा तिने दुएंदेचं चित्र दाखवून आईकरवी विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" धुरपताबाईने तोंडच मिटलं. दिवे लागल्यावर आमच्याकडे असली नावं घेत नाहीत. सापालाही दोर म्हणतात. पोरीला वाटलं, आजी रागावली. ती फोनवर येईनाशी झाली.

मी चिडले. "मावशी, स्पॅनिशमधून तर रोज नावं घेऊन राहिल्या ना!"

"आपल्या भुताईले ते बोली थोडीच समजते, शालू!"

पण तिचे डोळे भरले होते. "पोरगी मले विसरून जाईन व," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

मग एका संध्याकाळी मी तिथे असतानाच उर्वशीचा व्हिडिओ फोन आला. कपाटात दुएंदे आहे म्हणून इनेस पांघरुणातून निघत नव्हती. धुरपताबाई म्हणाली, "तिले सांग, त्याचं नाव नोको घेऊ. नाव घेतलं का त्याले वाटते, मलेच बोलावलं. पाहुणा म्हण. मी बी त्या दिवशी त्याच्यासाठीच चूप होती."

उर्वशीने लेकीला ते समजावलं. पांघरूण हललं. आतून आवाज आला, "पाऊना." इनेसचा पहिला मराठी शब्द.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन हजर. जलपरी पाहुणा, नाग पाहुणा, सगळेच पाहुणे. शेवटी पुस्तक बाजूला ठेवून तिने पडद्यावरच्या आजीकडे बोट केलं. "पाऊना?"

धुरपताबाईने फोन जवळ ओढला.

"नाही व माय. मी आजी. मले दिवे लागल्यावर बी नावानंच बोलवाचं."

इनेसने बोलावलं.