किती वेळा पडलात?

पूर्णेला रेल्वेच्या मैदानावर मी रोज सकाळी चालायला जातो. तिथं साठीच्या एक बाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून स्कूटी शिकायच्या. पडल्या की आधी गाडी पुसायच्या, मग गुडघा.

मी गणिताचा मास्तर, वय बावन्न, अजून बायकोच्या मागं बसून शाळेत जाणारा. एकदा त्यांना उठवायला गेलो आणि उगाच म्हणालो, "मला काही हे जमत नाही."

"किती येळा पडलात?"

"एकदाही नाही."

"मग जमत न्हाई हे कसं कळलं?"

आयुष्यभर पोरांना 'रीत दाखवा' म्हणणारा मीच रीत न करता उत्तर सांगून बसलो होतो. बाईंनी किल्ली पुढं केली. दहा पावलांवर मी बाभळीत होतो.

"आता म्हना," बाई शांतपणे म्हणाल्या.

मी गाडी उभी केली, काटे काढले आणि म्हणालो, "जरा मागून धरता का?"