न लागलेलं दही

आमच्या चुडावा गावात कुसुममावशींच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नाही. माझी तर नाहीच, मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. त्या दिवशी सकाळीच त्या माझ्या दारात उभ्या. आदल्या दिवशी माझ्याकडून विरजण नेलं होतं, पण दही लागलं नव्हतं.

"तुज्या इरजणातच दम न्हाई," म्हणाल्या.

माझ्या दह्याला नाव ठेवलेलं मी बरी ऐकून घेईन! तडक त्यांच्या घरी गेले. पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आत नुसतं पांढरं पाणी आणि वर तेलाचा बारीक तवंग.

मावशींनी जन्मभर म्हशी सांभाळल्या. अर्ध्या गावाला दूध घातलं, स्वतः कधी विकत घेतलं नाही. गुडघे गेले तशी शेवटची म्हैस विकली आणि पाठोपाठ त्यांचे मालक, रंगनाथकाका, ओसरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दूध भरपूर द्यायला सांगितलं. पण दुसऱ्याच्या दारात चरवी घेऊन उभं राहायचं मावशींच्या जिवावर यायचं. पुण्याहून त्यांच्या मुलाने, जीवनने, पांढऱ्या पावडरचे मोठे डबे आणून दिले, तेव्हा त्यांना केवढं हायसं वाटलं. तेव्हापासून काकांना सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात तीच पावडर. आदल्या दिवशी काकांना कढी खावीशी वाटली, म्हणून तिचंच दही लावायला गेल्या होत्या.

मी डबा फिरवून मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. ते दूध नव्हतंच. कॉफी पांढरी करायची पावडर ती. ग्लुकोजचा पाक आणि वनस्पती तेल, प्रथिनं नावापुरती, आणि हाडाला लागतं ते कॅल्शियम जवळजवळ नाहीच. बिचाऱ्या जीवनने डब्यावरचा दुधाळ कप तेवढा बघितला असणार.

 मावशी काकांच्या खाटेपाशी गेल्या आणि दूध म्हणून आपण त्यांना तेल-साखर पाजलं, असं सांगून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

काका शांतच होते.

"मला पैल्याच दिवशी कळलं व्हतं," ते म्हणाले. "ना साय, ना वास. पन म्हैस गेल्यापासून तू हासली न्हवतीस. गिलास हातात देताना हासलीस. मंग कसं सांगू?"

मावशींनी पदराने डोळे पुसले.

"हाड जुडायचं सोडून माजं तोंड बघत बसले," एवढंच बोलून त्यांनी चरवी उचलली.

मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. गुडघे धरत पलीकडच्या बायनाबाईंच्या गोठ्यापर्यंत गेल्या, दारात थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. मग त्यांचा आवाज आला.

"बायनाबाई, इकत दूध देतीस का गं? आमच्या मालकाला पायजे."